मंगलाष्टकांसाठी माईक

"वहिनी, तोंड त्याच्यात खुपसू नका हो! कुल्फी नाही ते!"

श्यामराव ओरडले तेव्हा सिंधुताईंचं पहिलं मंगलाष्टक निम्म्यावर आलं होतं. डोळे मिटलेले, एक हात कानावर, मान जराशी वर. मांडवात गाताना त्या अशाच उभ्या राहायच्या. फक्त इथे मांडव नव्हता. शेजारच्या श्यामरावांच्या क्वार्टरातली पुढची खोली होती, टेबलावर झालर लावलेल्या कव्हरातून नुकताच बाहेर काढलेला कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासोबत फुकट आलेला पेनाएवढा एक माईक होता. सिंधुताई चपला बाहेर काढून, कॉम्प्युटरला मनातल्या मनात नमस्कार करूनच आत आल्या होत्या.

"आता ऐका," म्हणत श्यामरावांनी बटण दाबलं. डब्यातून आवाज आला. खरंच डब्यातून आला, पत्र्याच्या. मधूनमधून काहीतरी फुटत होतं.

"हे मी आहो?" सिंधुताईंनी विचारलं.

"तुम्हीच."

"मंग इतके दिवस लोक मले कायले बोलावून राहिले होते?"

श्यामराव हसले, पण ओशाळून. कॉम्प्युटर त्यांचा होता ना! भिलाई स्टील प्लांटच्या अकाउंट्समधून रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं तो घेतला होता, आणि अठ्ठ्याण्णव सालच्या त्या मे महिन्यात आख्ख्या गल्लीत तो एकच होता. त्याच्यात काही कमी आहे हे त्यांना कसं सहन होणार? "दोष कॉम्प्युटरचा नाही वहिनी," ते म्हणाले, "दोष माईकचा आहे."

आता सिंधुताईंना कॉम्प्युटरची गरज पडावी तरी कशाला? तर त्याला कारण रत्नाचं लग्न.

साकोलीकडून नवी नवरी होऊन सिंधुताई भिलाईला आल्या तेव्हा त्यांचे यजमान तेजराम प्लांटच्या रूळ घडवणाऱ्या रेल मिलमध्ये नवेच लागले होते. शेजारच्या एका लग्नात गाणारी बाई ऐनवेळी आजारी पडली आणि कोणीतरी या नव्या सुनेला माईकपुढे ढकललं. ती जी उभी राहिली ती राहिलीच. मग भिलाईतल्या मराठी माणसांच्या घरी कुठेही लग्न निघालं की पत्रिका छापायच्या आधी निरोप यायचा, "सिंधुताई त्या दिवशी मोकळ्या आहेत ना?" शाळा सातवीपर्यंत, पण चाल अशी अंगात मुरलेली की नवरानवरीची नावं, मामा, आत्या, सगळे जागच्या जागी बसवून त्या उभ्या उभ्या कडवं रचायच्या. आवाज तर विचारूच नका. मांडवाच्या शेवटच्या रांगेत पेंगणारा म्हाताराही अक्षता सावरून बसायचा.

आणि आता त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि त्यात गाता येणार नव्हतं त्यांनाच.

कारण भीमाबाई. तेजरामांची थोरली बहीण. लग्नाच्या बोलणीला म्हणून आल्या आणि लग्न होईपर्यंत मुक्काम ठोकून बसल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "लगन लागताना मायनं पाहू नाही. आपल्या घरची रीत आहे. मायनं मागच्या आंगनात तुळशीपाशी बसाचं, पानी घालाचं. माह्या मायनं माहं लगन पाह्यलं नाही, म्या माह्या पोरीचं पाह्यलं नाही. तू काही वेगळी नाहीस, सिंधू."

"पर बाई, मंगलाष्टकं..."

"दुसरी म्हनन कोनी! भिलाईत बायका सरल्या का?"

नणंदेपुढे सिंधुताईंचं तोंड कधी उघडलं नव्हतं, आणि रीत तर त्यांनाही मान्य होती. गप्प बसली नाही ती रत्ना. "आत्या, ते काही नाही! मी एवढीशी होती तेव्हापासून आईले दुसऱ्यांच्या पोरींसाठी गाताना ऐकून राहिली. थंडीत, उन्हात, मले कडेवर घेऊन गेली ती. आणि माह्या लग्नात कोणी दुसरीच गाईन? नहीं मतलब नहीं! आईचा आवाज नसन तर मी अंतरपाटामागं उभीच राहत नाही."

"पाह्य बाप्पा, कशी बोलते!" भीमाबाईंनी कपाळाला हात लावला.

रत्ना तरातरा आत निघून गेली. सिंधुताईंनी पदरानं तोंड पुसलं. लेकीचा राग आला होता आणि त्याच वेळी तिला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. पोरगी बोलली ते त्यांच्याच मनातलं होतं. या एका लग्नासाठी आपण बाकी सगळी लग्नं गाऊन तयारी केली, असं त्यांना कधीपासून वाटत आलं होतं.

तोडगा काढला श्यामरावांनी, कुंपणावरून. "अहो, आवाजच पाहिजे ना? मग भरून ठेवू. कॉम्प्युटरवर भरायचा, कॅसेटवर उतरवायचा आणि मांडवात वाजवायचा. वहिनी तुळशीपाशी, आवाज मांडवात. रीतही राहिली, पोरीचा हट्टही राहिला."

"घरच्या टेपवर भरला तर नाही चालनार का?" तेजरामांनी विचारलं.

"टेपवर घरघर येते. कॉम्प्युटरवर कसं, नितळ!"

त्या नितळ आवाजापायी पुढचे कितीतरी दिवस श्यामरावांच्या घरी जत्रा भरली.

पेनाएवढा माईक पहिल्याच दिवशी बाद झाला. दुसरा आला तो डोक्यावर चढवायचा. श्यामरावांच्या जावयानं रायपूरहून आणून दिलेला. कानाला दोन गाद्या आणि तोंडापुढे वाकलेली दांडी. सिंधुताईंचा अंबाडा आडवा आला. अंबाडा सोडून वेणी घातली तर दांडी ओठांना टेकायला लागली. आरशात पाहून त्यांनाच हसू फुटलं. "मले काय हवाई जहाज चालवाचं आहे?" तरी बिचाऱ्या गायल्या. ऐकलं तर प्रत्येक 'भ'ला आणि 'फ'ला माईकमध्ये जणू कोणी फुंकणी मारत होतं. श्यामरावांनी दांडी हनुवटीखाली वळवली तेव्हा फुंकर कमी झाली, पण आवाज कुठेतरी नाकात जाऊन बसला.

तिसरा माईक कॉलरचा. चिमटीएवढा, पदराला लावायचा. हा सिंधुताईंना आवडला, कारण समोर काही नव्हतं. डोळे मिटून मनापासून गायल्या. ऐकलं तर आवाज छान, पण सोबत सारखी छुनछुन. भुताटकी झाल्यासारखे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी रत्नाच्या लक्षात आलं. "आई, तुझं मंगळसूत्र वाजून राहिलं! आणि बांगड्या!"

"बांगड्या काढून ठेवा ना वहिनी, पाच मिनिटं," श्यामराव म्हणाले.

सोबत आलेल्या भीमाबाई खुर्चीतून उठल्याच. "घरात लगन आहे आन हातातल्या बांगड्या काढाच्या? तुमच्या त्या मशिनीले सांगा गप राहाले!"

कॉलरचा माईक डबीत परत गेला.

मग तेजराम आपल्या बायकोला स्कूटरवर बसवून सुपेल्याला घेऊन गेले. तिथे चौकाच्या आतल्या गल्लीत बाबुलालचं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. भोंगे, तारा, फुटके डबे आणि मधोमध बाबुलाल. सिंधुताईंना पाहिल्याबरोबर तो उठून उभा राहिला. कितीतरी लग्नांत त्याचा माईक आणि त्यांचा आवाज जोडीनं लागले होते.

"अरे, ताई! बैठो, बैठो. तुमचा आवाज तर मी डोळे बंद करून ओळखतो. मेरा वॉल्यूम आधा रखना पडता है."

त्यांनी सगळी कहाणी सांगितली. बाबुलालनं माईक काढून ठेवले ते टेबल भरलं. एक मोठ्या डोक्याचा, एक चपटा, एक काळा लांबट, जाळीवर नखाएवढा चट्टा पडलेला. सिंधुताई लुगडी निवडावीत तशा एकेक हातात घेऊन, उलटसुलट करून पाहायला लागल्या. बाबुलालच्या जुन्या मशीनवर एकेका माईकमध्ये म्हणून पाहिलं. चपटा माईक रस्त्यावरचा ट्रक, समोरच्या चक्कीचा पट्टा आणि शेजारच्या दुकानातलं भांडणही सोबत घेऊन आला. मोठ्या डोक्याचा फक्त घुमत होता. मग काळा. एक ओळ म्हटली. बाबुलालनं परत वाजवली.

"हाच," सिंधुताई म्हणाल्या. "हा माह्याकडेच पाहते. इकडंतिकडं नाही पाहत."

बाबुलालनं खूश होऊन मान डोलावली. त्यानं माईकला कॉम्प्युटरला बसेल अशी पिन लावून दिली आणि बजावलं, "ताई, एक बात मानो. मांडवात माईकला खाता तसं घरात नाही. एक बित्ता दूर, और थोडा बाजू से."

बित्ता म्हणजे वीत. रविवारी दुपारी श्यामरावांच्या खोलीत पंखा बंद, कूलर बंद, खिडकीला दुलई टांगलेली आणि घामानं भिजलेल्या सिंधुताई काळ्या माईकपासून वीतभर दूर, जराशा बाजूला. जाळीवर तेजरामांचा धुतलेला रुमाल. कॉम्प्युटर एका दमात एक मिनिटच भरून घ्यायचा, म्हणून एकेक अष्टक वेगळं. श्यामराव बोटानं खूण करायचे आणि पडद्यावरची हिरवी रेघ थरथरायला लागायची. सिंधुताईंचा सूर चढला की ती रेघ फुगून चौकट भरून टाकायची, श्यामराव डोळे मोठे करायचे आणि रत्ना आईला हळूच कोपरानं मागे सारायची. तिसऱ्या अष्टकात मालगाडी आली. पाचव्यात प्लांटचा भोंगा झाला. ती दोन्ही पुन्हा भरावी लागली. सहाव्यात भीमाबाईंना खोकला आला तो अष्टक संपेपर्यंत त्यांनी तोंडात पदर कोंबून दाबून धरला, आणि संपल्यावर त्या अशा खोकल्या की सगळे घाबरले.

आठही झाली तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी बसून ती ऐकली. खरोखर नितळ. शब्द न् शब्द. सिंधुताईंनी आजवर स्वतःला कधी असं ऐकलं नव्हतं. मांडवात गाताना कानात भोंग्याची घरघर असायची आणि लक्ष लग्न लावणाऱ्या महाराजांच्या हाताकडे. हा आवाज आपला आहे याचा त्यांना आनंद झाला, अगदी लहान पोरीला नवं परकर-पोलकं घातल्यावर होतो तसा. त्यांनी लाजून रत्नाकडे पाहिलं. रत्ना रडत होती आणि हसतही होती.

"झालं ना आता तुह्या मनासारखं?" त्यांनी विचारलं.

लग्नाच्या दिवशी सगळं कसं वेळेवर झालं, आणि नडलं ते तेच.

भिलाईत वरात वेळेवर आली असं कोणी पाहिलं नव्हतं. मुहूर्त टळायला आलेला असायचा, महाराज घाई करायचे आणि दोन-तीन अष्टकांत आटोपतं घ्यावं लागायचं. पण रत्नाचा नवरा गोंदियाचा, रेल्वेत गार्ड. त्याची सगळी मंडळी रेल्वेची. दिलेल्या वेळेला वरात दारात हजर! तेजरामांची धावपळ झाली, आचारी चिडला, बँडवाले तर धापा टाकत मागून आले. महाराजांना एवढं रिकामपण कधी मिळालंच नव्हतं. त्यांनी हौसेनं अंतरपाट लवकर धरवला.

सिंधुताई मागच्या अंगणात होत्या. हिरवं नऊवारी, नाकात नथ, हातात तांब्या, समोर तुळस. मधे आख्खं क्वार्टर आणि पलीकडे समोरच्या मैदानावर मांडव. अंगणात उघडणाऱ्या दाराच्या उंबऱ्यावर भीमाबाई त्यांच्याकडे पाठ करून बसलेल्या, एका मुठीत अक्षता. सिंधुताईंनी पाण्याची बारीक धार धरली आणि मांडवातून त्यांचाच आवाज आला.

बाबुलालच्या भोंग्यातून तो काय सुरेख येत होता! पहिलं अष्टक, दुसरं. मांडव शांत झालेला इथूनही कळत होता. "स्वच्छ येऊन राह्यला," भीमाबाई मान न वळवता म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. सिंधुताई धार धरून ऐकत राहिल्या. तिकडे आपण उभ्या आहोत आणि इकडेही आपणच, याची त्यांना मोठी गंमत वाटत होती.

आठवं संपलं. आता महाराज सावधान म्हणतील म्हणून त्यांनी डोळे मिटले. सावधान आलंच नाही. भोंगा नुसता घरघरला.

मग महाराजांचा आवाज आला. "अहो, मुहूर्ताला वेळ आहे अजून! म्हणा पुढे!"

सिंधुताईंच्या हातातली धार थांबली. अगं बाई! इतकी वर्षं आपण महाराजांच्या हाताकडे बघून गायलो. हात वर आहे तोवर कडवं ताणायचं, हात खाली आला की आवरायचं. अष्टकं आठ आहेत की अकरा, कोण मोजतंय! आणि या वेळी भिंतीकडे बघून गायलो. माईकच्या नादात ना आपल्याला सुचलं, ना श्यामरावांना. कॅसेटला महाराजांचा हात कुठून दिसणार?

मांडवात कुजबुज वाढली. श्यामरावांनी घाईघाईनं कॅसेट मागे फिरवली असावी, कारण भोंग्यातून चिमण्या भांडाव्यात तसा चिवचिवाट झाला आणि सगळा मांडव हसला. "नाही नाही, म्हटलेलं फिरून नाही म्हणायचं," महाराज म्हणाले. "नवीन म्हणा कोणीतरी." बायकांची ढकलाढकल ऐकू आली. "तू म्हन." "मले नाही येत बाई, तूच म्हन." कोण म्हणणार? सिंधुताई असताना भिलाईत दुसऱ्या कोणी कधी पाठच केलं नव्हतं. हसू ओसरलं आणि नुसती शांतता राहिली. त्या शांततेत अंतरपाटामागे आपली पोरगी मान खाली घालून उभी असेल, हे सिंधुताईंना न बघता दिसलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "पोरगी उभी आहे हो तिथं."

भीमाबाई उठल्या. वळल्या. सिंधुताईंना वाटलं, आता ओरडणार.

"मंग गा ना!" भीमाबाई ओरडल्याच. "तोंड कोनी बांधलं तुहं?"

"पर रीत..."

"रीत पाहाची नाही अशी आहे. गाऊ नाही असं कोनी म्हटलं? तू तुळशीकडं पाह्य आन गा!"

"महाराजांचा हात मले कसा दिसन?"

भीमाबाईंनी घरातून पुढच्या दारापर्यंत नजर टाकली आणि हाक मारली, "तेजराम! इकडं उभा राह्य दारात! महाराजाकडं पाह्य आन मले हात दाखव!"

तेजराम धावत दारात आले. मिलमध्ये सगळा जन्म गोंगाटात गेलेला, तिथे क्रेनवाल्याशी बोलायचं ते हातानंच. त्यांनी हात उंच केला आणि पंजा हलवत ठेवला, लोखंड वर उचलायला सांगतात तसा. इकडे मागच्या दारात भीमाबाईंनीही तसाच हात वर केला. "चालू दे!"

सिंधुताईंनी तुळशीकडे तोंड केलं. माईक नव्हता, भोंगा नव्हता. बाबुलालनं तोही बंद केला होता. त्यांनी मान जराशी वर केली आणि सूर लावला. छपरावरून तो मैदानात गेला तो थेट शेवटच्या रांगेपर्यंत.

रत्नाला निजवीत गात बसली अंगाइ जी माउली,
ती आता तुळशीपुढे उभि असे, द्याया तिला सावली,

हे कुठून आलं त्यांचं त्यांनाही कळलं नाही. 'सावली' त्यांनी ताणली, पुन्हा फिरवून ताणली. "चालू दे, चालू दे," भीमाबाई म्हणत होत्या. तिसऱ्या ओळीला तोंड उघडलं आणि सूर चिरला. नितळ काही राहिलं नाही. शब्द सुचेना, तर त्या शब्दाशिवायच नुसती चाल ओढत राहिल्या. आवाज मधेच फाटत होता, पण त्यांनी तो खाली पडू दिला नाही. मांडवात कोणाचं तरी लहान मूल रडत होतं, तेही गप्प झालं.

"आला! हात खाली आला!" भीमाबाईंचा आवाजही चिरका झाला होता.

जा बाळे, तुज लाभु दे घर नवे, कुर्यात् सदा मंगलम्,

आणि त्याच दमात सिंधुताईंनी जी हाक घातली, "शुभमंगल सावधान!", ती महाराजांच्या आधी पोचली. तिकडे अक्षतांचा सडा पडल्याचा सरसर आवाज झाला, टाळ्या झाल्या, बँड एकदम सुरू झाला.

सिंधुताईंनी मागे वळून पाहिलं नाही. तांब्या तिरका केला आणि धार पुन्हा धरली. डोळ्यांतलं पाणी आणि तांब्यातलं पाणी एकाच वेळी वाहत होतं, आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं की दोन्ही थांबूच नयेत. तेवढ्यात मागून त्यांच्या अंबाड्यावर, खांद्यावर, पाठीवर काहीतरी टपटपलं. भीमाबाईंनी मुठीतल्या सगळ्या अक्षता मांडवाकडे न टाकता त्यांच्या अंगावर टाकल्या होत्या.

"पाहू नको," भीमाबाई म्हणाल्या. "पानी घाल."

सिंधुताई तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी घालत राहिल्या.